विंगेतली आई

बंगळुरूच्या मराठी मंडळाला नटांची ददात कधीच नव्हती. दर गणेशोत्सवात तीन अंकी नाटक ठरलेलं, आणि प्रत्येक बँकवाला, प्रत्येक कारखान्यातला इंजिनिअर मनातून स्वतःला नायक समजायचा. ददात होती ती पाठांतराची. दिवसभर कामावर राबून, ट्रॅफिकमधून तालमीला येऊन वर वाक्यं पाठ कोण करणार? पण कुणाला त्याची फिकीर नसायची, कारण विंगेत नयनाताई देवस्थळी उभ्या असायच्या.

नयनाताई स्वतः रंगमंचावर कधी गेल्या नाहीत. लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की त्या काहीतरी काम काढून पसार व्हायच्या. पण विंगेत, हातात संहिता घेऊन, त्यांचंच राज्य. वाक्य विसरलंय हे नटाच्या आधी त्यांना कळायचं. आधी गळ्याची घाटी हलते, मग नजर हळूच विंगेकडे वळते, आणि तेवढ्यात नयनाताईंचा आवाज त्याच्या कानात पोचलेला असायचा. पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. एका वर्षी नायकाला सर्दीच्या गोळीने अशी गुंगी आली की अख्खा दुसरा अंक त्यांनी विंगेतून ओढून नेला. अभिनयाचं बक्षीस अर्थातच नायकाला मिळालं. त्याने ते निमूटपणे घेतलं, आणि सगळ्यात जास्त टाळ्या नयनाताईंनी वाजवल्या.

आता असा गुण काही चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यांचे यजमान सुहासराव विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आणि मुळातच मितभाषी. "अगं, ते जरा गीझरचं..." एवढं ते म्हणाले, की "येतोय तो चारला" म्हणून नयनाताई मोकळ्या. सुहासरावांनी एखादं वाक्य शेवटापर्यंत नेल्याचं शेजारच्यांनी कधी ऐकलेलं नाही. खुद्द त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. आयतं मिळत असेल तर कोण नको म्हणतं?

शमिका ही त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना वादविवादाच्या ढाली घेऊन यायची. हेब्बाळच्या टेक पार्कमध्ये नोकरी लागली, घरापासून अगदी हाकेच्या अंतरावर, तेव्हा नयनाताईंनी पेढे वाटले होते. गेल्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं. आधी झोप गेली, मग भूक गेली. मग मीटिंगमध्ये बोलता बोलता ती मध्येच थांबायला लागली, आणि एक दिवस थांबली ती थांबलीच. लॅपटॉप उघडा ठेवून दुपारभर नुसती त्याच्याकडे बघत बसून राहिली. डॉक्टरांनी नैराश्य असं निदान केलं. थोडे दिवस इस्पितळात काढावे लागले, औषधं सुरू झाली, आणि औषधांनी आपलं काम चोख केलं. झोप परत आली, जेवण परत आलं. बोलणं तेवढं परत आलं नाही. काहीही विचारा, "हो", "नको" किंवा "चालेल". ते "चालेल" ऐकलं की नयनाताईंच्या काळजाचं पाणी व्हायचं.

औषधांच्या जोडीला नाट्योपचार करून बघा, असं डॉक्टरांनीच सुचवलं. नाटकातून उपचार, हे ऐकल्याबरोबर नयनाताईंनी कंबर कसली. देवाने सगळे मार्ग सोडून नेमका आपल्या अंगणातून जाणारा मार्ग काढला, असं त्यांना वाटलं. लेक पुन्हा पूर्वीसारखी बोलेपर्यंत आता आपण हटायचं नाही, हे त्यांनी देवघरासमोर उभं राहून स्वतःला बजावलं.

केंद्र चामराजपेटमध्ये होतं, एका उदबत्तीच्या दुकानाच्या माडीवर. हेब्बाळहून मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्थानकापर्यंत बस आणि पुढे ऑटो. दर गुरुवारी नयनाताई शमिकाला वर पोचवायच्या आणि खाली दुकानातल्या स्टुलावर बसून राहायच्या. वर जयतीर्थ नावाचा धारवाडचा तरुण उपचारक गट चालवायचा. आजी बेळगावची, त्यामुळे त्याला मराठी येत होतं. तिथे पडदा नाही, विंग नाही, संहिता तर नाहीच. मोठी खोली, दोन सतरंज्या, एका टोपलीत ओढण्या आणि जुन्या टोप्या. नयनाताईंनी पहिल्याच दिवशी जिन्यातून डोकावून बघितलं आणि ह्यांना तालमीची शिस्त नाही, असा शेरा मनातल्या मनात मारला.

महिन्यातल्या एका गुरुवारी घरच्या एका माणसाला आत बसता यायचं. नयनाताईंनी मिळाला तो पहिला गुरुवार धरला आणि कोपऱ्यातली जागा पकडली. जयतीर्थने जमिनीवर एक लाल ओढणी आडवी पसरली आणि सांगितलं, की हे तुमच्या घराचं दार. तुम्ही बाहेरून आला आहात. दारात उभं राहून जे बोलावंसं वाटेल ते बोला. शिवाप्पा नावाचे एक निवृत्त बस कंडक्टर आधी उठले. देवाघरी गेलेल्या बायकोला त्यांनी कन्नडमधून बजावलं, की आज पुन्हा उप्पिट्टू केलंस तर मी हॉटेलात जेवेन. सगळे हसले, तेही हसले, आणि मग डोळे पुसत जागेवर बसले.

मग शमिका उठली. ओढणीपाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिच्या गळ्याची घाटी हलली, नजर हळूच कोपऱ्याकडे वळली, आणि नयनाताईंच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, फक्त तिच्या कानापर्यंत पोचेल इतक्या हलक्या आवाजात वाक्य निघून गेलं.

"आई, आज फार दमले गं," शमिका म्हणाली.

अख्खं वाक्य, स्वच्छ आवाजात. नयनाताईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी पुढचं वाक्य दिलं, चहा टाकतेस का असं, तेही शमिकाने उचललं. मग सगळं सांगते तुला, हेही उचललं. आणि ओढणी ओलांडून ती जागेवर येऊन बसली.

जिन्यात जयतीर्थने नयनाताईंना थांबवलं. शमिका पुढे गेली आहे ना, हे बघून घेतलं. त्याने आवाज चढवला नाही, उलट जरा ओशाळूनच विचारलं, "अक्का, शमिका छान बोलली. पण वाक्यं कुणाची होती?"

नयनाताई म्हणाल्या, की तिच्याच मनातली होती. मी आई आहे तिची, मला कळतं.

"असतील. पण तुम्ही दिलंत तर ती तुमचं घेणार, आणि तिचं आतच राहणार. आम्ही सगळे तिच्या एका वाक्याची वाट बघतोय. ते कसलं आहे, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही." मग त्याने हात जोडले आणि पुढच्या वेळी सुहासरावांना पाठवायला सांगितलं.

घरी पोचेपर्यंत नयनाताई धुमसत होत्या. सगळी हयात नाटकात गेली आणि कालचा पोरगा मला नाटक शिकवतो! लेक इतक्या महिन्यांनी बोलली त्याचं कौतुक राहिलं बाजूला. सुहासरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत सुरुवात केली, "पण तो म्हणतो त्यात थोडं..."

"काही तथ्य नाही," नयनाताईंनी वाक्य पुरं केलं.

पुढचे गुरुवार सुने गेले. शमिका ओढणीपाशी उभी राहते, रिकाम्या कोपऱ्याकडे बघते आणि परत येऊन बसते, एवढंच जयतीर्थकडून कळायचं. मग एका गुरुवारी ती तयारच झाली नाही. नाश्त्याची बशी पुढ्यात घेऊन बसून राहिली. नयनाताईंनी विचारलं, की आज जायचं नाही का?

"तू सांग," शमिका म्हणाली.

नयनाताईंनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांना लेकीचा गळा दिसला. घाटी हलली होती. नजर वळली होती. आईच्या ओठांवर येऊन थांबली होती. रंगमंचावरून विंगेकडे येणारी ही नजर त्यांनी शेकडो वेळा बघितली होती. स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर कधी बघितली नव्हती, कारण तिथे त्यांनी गोष्ट नजरेपर्यंत येऊच दिली नव्हती. पोरीला स्वतःला जायचं आहे की नाही, हेसुद्धा ती आईच्या तोंडाकडे बघून ठरवत होती. नयनाताई घाबरल्या. इस्पितळातही त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

मंडळात नवीन प्रॉम्प्टर आला की त्याला पहिला धडा त्याच द्यायच्या. विसरणं वेगळं आणि पॉज वेगळा. नट मुद्दाम थांबलेला असतो, आतून काहीतरी वर येत असतं, तेव्हा वाक्य दिलंस तर प्रवेश मेलाच समज. प्रॉम्प्टर उशिरा बोलला तर एक वेळ चालतं, पॉजमध्ये बोललेला चालत नाही. हे इतरांना शिकवणाऱ्या बाईने घरात आजवर किती पॉज मोडले असतील, ह्याचा हिशोब करायची त्यांना हिंमत झाली नाही.

"मला नाही माहीत. तू ठरव," त्या कशाबशा म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तोंड गप्प राहावं म्हणून बडीशेपेची मूठ त्यात कोंबली. बाहेर किती तरी वेळ काहीच हललं नाही. मग चपलांच्या कपाटाचा आवाज आला. शमिका चपला घालून दाराशी उभी होती. बोलली काही नाही, पण उभी होती.

त्या दिवशी नयनाताई शमिका खाली यायची वाट बघत स्टुलावर बसून राहिल्या नाहीत. गट संपल्यावर त्या सरळ माडीवर गेल्या आणि तुमचं बरोबर होतं, हे जयतीर्थला सांगून टाकलं. मग पुन्हा आत बसू देण्याची विनंती केली. बोलले तर मी आपण होऊन निघून जाईन, म्हणाल्या.

जयतीर्थ म्हणाला, "कोपऱ्यात नको, अक्का. कोपरा म्हणजे तुमची विंगच झाली ती. यायचं तर मधे या. दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहा, आई म्हणून."

लोकांसमोर उभं राहायचं, हे ऐकून नयनाताई एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी विचारलं, की माझं वाक्य काय?

"वाक्य नाही."

"मग मी करू काय तिथे?"

"थांबायचं. ती बोलली तरी, नाही बोलली तरी. पण आधी शमिकाला विचारू. तिला नको असेल तर नाही."

विचारलं असतं तर शमिका "चालेल" म्हणाली असती, हे जयतीर्थलाही ठाऊक होतं. म्हणून त्याने टोपली तिच्यापुढे ठेवली. आईला दाराच्या आत उभं करायचं असेल तर ओढणी तू पसर, नसेल तर राहू दे, म्हणाला. शमिकाने लाल ओढणी काढली. दोन्ही टोकं नीट ओढून ती जमिनीवर पसरली.

पुढच्या खेपेपर्यंत महिना होता, आणि नयनाताईंनी तालीम सुरू केली. पहिला बळी अर्थात सुहासराव. "आज मला जरा..." असं म्हणून ते सवयीने थांबले. नयनाताईंनी दात दातांवर दाबले. पंखा फिरत राहिला. सुहासराव वाट बघत राहिले, मग काळजीने म्हणाले, की तुला बरं नाही का? त्यांना खरोखरच पुढचं सुचत नव्हतं. पहिल्या आठवड्यात नयनाताई रोज हरल्या. शमिकाने पाण्याकडे बघितलं की त्यांचा हात तांब्याकडे जायचा, तोंडातून "पाणी हवंय?" निघून जायचं, आणि मग त्या स्वतःवरच चिडायच्या. पण हटल्या नाहीत. जीभ वळवळली की बडीशेप, असा त्यांनी नेम केला. महिन्याची बडीशेप आठवड्यात संपायला लागली.

आणि मग एक दिवस जेवताना सुहासरावांनी घास हातात धरून सुरुवात केली, "अगं, ह्या भाजीत..." नयनाताई गप्प. सुहासराव थांबले, भाजीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि कडेलोटाला उभ्या माणसाचा चेहरा करून म्हणाले, "गूळ नको असतो मला. कधीच आवडला नाही."

नयनाताईंनी हातातली पळी खाली ठेवली. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, त्यांनी विचारलं. सुहासरावांचं उत्तर साधं होतं. तू विचारायचीस, गूळ घातलाय, छान लागतोय ना? मी हो म्हणायचो. शमिका खाली मान घालून जेवत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. नयनाताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. गुळाचं जाऊ दे, पण ह्या दोघांच्या आत आणखी काय काय राहून गेलं असेल, ह्या विचाराने त्यांचा पुढचा घास उतरेना.

गुरुवार उजाडला. नयनाताई ओढणीच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या. आठ-दहा जणांचे डोळे त्यांच्यावर होते. हातात संहिता नाही, तर हातांचं करायचं काय, हेही कळेना. पलीकडे, हातभर अंतरावर, शमिका येऊन उभी राहिली.

वेळ जाऊ लागला. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. शमिकाची घाटी हलली. नजर वर आली आणि आईच्या ओठांवर थांबली. नयनाताईंच्या जिभेवर वाक्यांची रांग लागली होती. दमले गं. दार उघड. मला जवळ घे. एकाहून एक चांगली वाक्यं. त्यांनी ओठ मिटून ठेवले. नखं तळहातात रुतली तरी ठेवले. शमिकाची नजर वाट बघत राहिली, तिला काही मिळालं नाही, आणि मग ती नजर खाली ओढणीवर गेली. आपण हरलो, असं नयनाताईंना वाटलं. तरीही त्या गप्प राहिल्या.

"दार उघडू नकोस," शमिका म्हणाली.

आवाज खरखरीत होता. नयनाताईंनी तो ओळखला नाही.

"मी बेल वाजवायच्या आधीच तू दार उघडतेस. रोज. लिफ्टचा आवाज आला की तू दारात. आई, मला ऑफिसातून आल्यावर दोन मिनिटं बाहेर उभं राहायचं असायचं. चेहरा नीट करायला. तिथे काय काय व्हायचं... ते पुसून मग आत यायचं असायचं मला. तू ती दोन मिनिटं मला कधी दिलीच नाहीस."

पोरीला दारात क्षणभरही ताटकळावं लागू नये म्हणून नयनाताई गॅस बारीक करून लिफ्टकडे कान लावून बसायच्या. त्यांना त्याचा अभिमान होता. आता बोलायला किती तरी होतं. मला काय माहीत बाळा, तू सांगायचंस ना, मी तर मायेने करत होते. सगळं खरं होतं. त्यातलं काहीही त्यांनी उच्चारलं नाही. शमिका ओढणीच्या पलीकडे मांडी घालून खाली बसली, आईकडे पाठ करून, आणि दोन्ही तळहातांनी तिने चेहरा पुसला. एकदा, मग पुन्हा एकदा. नयनाताई अलीकडे उभ्या राहिल्या. गुडघे दुखायला लागले तरी उभ्या राहिल्या, जयतीर्थ चहा सांगायला उठेपर्यंत.

खाली आल्यावर शमिका म्हणाली, "तू हो पुढे. मी येते." बस कुठली घ्यायची, छत्री आहे का, फोन चार्ज आहे का, गर्दी असली तर दुसरी बस बघ, हे सगळं नयनाताईंच्या तोंडाशी आलं. "सरी," एवढंच कन्नडमधलं 'बरं' त्या म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या. पूर्ण रस्ता त्यांनी मागे वळून बघितलं नाही, म्हणजे निदान मॅजेस्टिकपर्यंत तरी नाही.

दिवेलागणीला लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. सुहासराव सवयीने वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले.

"बसा," नयनाताई म्हणाल्या.

सुहासराव बसले. नयनाताईंनी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. पोरगी त्या दाराआड एकटी उभी आहे, रडत असेल, परत फिरली तर काय, असं सगळं डोक्यात घोंघावत होतं. भात उतू जायला आला, तेव्हा गॅस सुहासरावांनी येऊन बंद केला. दोघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

बेल वाजली.

नयनाताई दारापाशी गेल्या. कडीवर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर माहीत नसल्यासारखं विचारलं, "कोण आहे?"

"मी," बाहेरून शमिका म्हणाली.

मग नयनाताईंनी दार उघडलं.